न मागितलेलं मतदान

तो लिफाफा आमच्या पेटीत टाकला तो माझ्याच युनियनच्या माणसानं. आमच्या टोरोंटोतल्या स्कारबरोच्या गल्लीत टपाल वाटणारा लेटर कॅरिअर माझ्या डेपोतला नाही, पण दिसलो की आम्ही एकमेकांना हात करतो. मीही कॅनडा पोस्टमध्ये टपालच वाटते. लिफाफ्यात कॅनडा औद्योगिक संबंध मंडळाचं, म्हणजे कामगार-मालक वाद बघणाऱ्या मंडळाचं, पत्र होतं. कॅनडा पोस्टनं कराराचा जो शेवटचा प्रस्ताव ठेवला होता, त्यावर आम्हाला मत द्यायचं होतं. त्यात माझा पिन, मत कसं द्यायचं याच्या सूचना आणि मुदत: 21 जुलै ते 1 ऑगस्ट 2025. त्याच्या घरी असाच लिफाफा आणखी कुणा सहकाऱ्यानं टाकला असणार. देशभरात पन्नास हजारांहून जास्त टपाल कामगार या मतदानाचे मतदार होते, आणि त्यांची ही पत्रं आम्हीच एकमेकांच्या घरी पोचवली.

मी पत्र वाचलं आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं. रोज पोळ्या लाटताना ते समोर दिसायचं. मत काय द्यायचं हा प्रश्न होताच. पण त्याआधी मला वेगळंच काहीतरी टोचत होतं. हे मतदान आम्ही मागितलं नव्हतं. आमच्या युनियननं ठेवलं नव्हतं. ते सरकारनं लावलं होतं.

मागचं थोडं सांगायला हवं. 15 नोव्हेंबर 2024 ला कॅनडा पोस्टमध्ये संप सुरू झाला आणि 32 दिवस चालला. ऐन नाताळाच्या तोंडावर. आम्ही पिकेट लाइनवर उभे, हातात फलक, पायात दोन-दोन मोजे, पिंपात लाकडं जळतायत आणि कुणीतरी घरून आणलेल्या समोशांचा डबा फिरतोय, असे ते दिवस होते. रस्त्यावरून जाणारे काही ट्रकवाले हॉर्न वाजवून पाठिंबा द्यायचे, काही लोक काच खाली करून बोलायचे, ‘माझं पार्सल अडकलंय.’ दोन्ही ऐकून घ्यायचं. 13 डिसेंबरला कामगारमंत्री स्टीव्हन मॅकिनन यांनी कामगार कायद्याचं कलम 107 वापरून प्रकरण औद्योगिक संबंध मंडळाकडे पाठवलं, आणि 17 तारखेला आम्हाला कामावर परतायचा आदेश झाला. जुने करार 22 मे 2025 पर्यंत लांबवले गेले. मधल्या काळात विल्यम कॅप्लन यांचा चौकशी आयोग बसला. त्यांचा अहवाल मेच्या मध्याला आला. टपालसेवा प्रत्यक्षात दिवाळखोरीत आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. घरोघरी रोज पत्रं पोचवणं टप्प्याटप्प्यानं बंद करा, शनिवार-रविवारच्या पार्सलांसाठी अर्धवेळ कामगार घ्या, अशा शिफारशी केल्या.

अहवालातले आकडे मला खोटे वाटले नाहीत. मी 2011 पासून हे काम करते. आकडे मला खांद्याला कळतात. 2006 साली या देशात वर्षाला साडेपाच अब्ज पत्रं वाटली जायची, आता दोन अब्जांच्या आसपास. पत्ते मात्र तीस लाखांहून जास्त वाढले. म्हणजे चालायचं तेवढंच किंवा जास्त, आणि प्रत्येक दारात टाकायला काही नाही. पूर्वी माझ्या केसच्या, म्हणजे पत्ते लावून पत्रं ठेवायच्या खणांच्या मांडणीच्या, एकेका खणात बोट शिरायचं नाही, आता कितीतरी खण सकाळी रिकामेच राहतात. पार्सलं आहेत, पण ती आणून देणारे दुसरेही पुष्कळ झालेत. 2024 साली करापूर्वीचा तोटा 84 कोटी डॉलरांच्या घरात होता. हे सगळं कामगाराला दिसत नाही असं जे समजतात, त्यांनी एक दिवस आमच्याबरोबर रूट चालून बघावा.

23 मेपासून युनियननं ओव्हरटाइम बंद केला. आठ तास झाले की पिशवी खाली. पुन्हा संपावर जाण्याऐवजी हा मार्ग घेतला याचं मला बरं वाटलं होतं. 28 मेला कॅनडा पोस्टनं आपले ‘अंतिम प्रस्ताव’ पुढे ठेवले: चार वर्षांत चक्रवाढीनं 13.59 टक्के पगारवाढ, करार झाल्यावर 1000 डॉलरपर्यंत बोनस, सक्तीचा ओव्हरटाइम रद्द, आणि शनिवार-रविवारसाठी अर्धवेळ जागा. युनियन म्हणाली, हे मान्य नाही, वाद बंधनकारक लवादाकडे द्या. व्यवस्थापन म्हणालं, लवाद नको, हाच प्रस्ताव थेट कामगारांपुढे मताला टाका. आणि 12 जूनला रोजगार खात्याच्या मंत्री पॅटी हायडू यांनी तसा आदेश दिला.

मी तेव्हा रूटवर होते. फोन सारखा थरथरत होता म्हणून एका मेपलखाली थांबून बघितला. ग्रुपवर एकामागून एक मेसेज. ‘आता काय?’ ‘म्हणजे संप संपला?’ ‘म्हणजे करार झाला?’ कुणालाच नीट माहीत नव्हतं. मलाही नाही. उरलेली घरं मी कशी केली ते आठवत नाही.

नियम आम्हाला समजावून सांगितला तो आमच्या शॉप स्टुअर्डनं, म्हणजे डेपोतल्या युनियन प्रतिनिधीनं, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, पार्किंगमध्ये उभं राहून. कॅनडाच्या कामगार कायद्यात कलम 108.1 आहे. संपाची किंवा टाळेबंदीची नोटीस दिली गेली असेल आणि मंत्र्यांना वाटलं, की मालकाच्या शेवटच्या प्रस्तावावर कामगारांना हो-नाही म्हणायची संधी देणं लोकहिताचं आहे, तर ते मतदानाचा आदेश देऊ शकतात. मतदान गुप्त. ते घेणार मंडळ, युनियन नाही आणि मालकही नाही. मत देणाऱ्यांत बहुमतानं ‘हो’ आलं, तर तो प्रस्ताव दोन्ही बाजूंना बांधतो आणि त्यावरच करार करावा लागतो. आमच्यात दोन गट आहेत, शहरी टपाल कामगार आणि ग्रामीण-उपनगरी वाटप करणारे. त्यांची मतं वेगवेगळी मोजणार.

एकानं विचारलं, ‘आपण भागच नाही घेतला तर?’

‘तर जे घेतील ते तुमच्यासाठी ठरवतील,’ तो म्हणाला.

त्यानं एक उदाहरणही दिलं. 2008 च्या डिसेंबरात ओटावातल्या बसवाल्यांचा संप झाला होता. ती बससेवा नदी ओलांडून क्युबेकमध्ये जाते म्हणून तिला केंद्राचा कायदा लागतो. तिथंही मंत्र्यांनी असंच मतदान लावलं, आणि जानेवारीत चारांतल्या तिघांनी प्रस्ताव नाकारला. संप नंतरही चालूच राहिला. म्हणजे ‘नाही’ म्हटल्यानं कोंडी फुटते असं नाही, हेही त्यानं लपवलं नाही. हे मला आवडलं.

आता तात्यांबद्दल सांगते, कारण या सगळ्या महिन्या-दीड महिन्यात मी सर्वांत जास्त बोलले ते त्यांच्याशी.

तात्या म्हणजे माझे वडील. काळाचौकीत आमची दहा बाय बाराची खोली होती आणि तात्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, आणि तात्यांच्या गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही. पुढे आईनं खानावळीचे डबे केले, तात्यांनी भायखळ्याला भाजीच्या गाडीवर काम केलं. पगारवाढ, बोनस या मागण्या लोकांना आठवतात. पण तात्या आजही सांगतात ते वेगळंच. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना असायची आणि मालकाशी बोलायचा अधिकार तिलाच. ती कोण, हे वर्गणीच्या पावत्यांवरून ठरायचं. तात्या आणि त्यांच्या खात्यातले बहुतेक जण डॉक्टर दत्ता सामंतांबरोबर गेले होते. पण कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीनं बोलणारी संघटना दुसरीच होती. तो कायदा बदला ही संपाची एक मोठी मागणी होती. गुप्त मतदान घ्या, बघा कुणाच्या मागं किती माणसं आहेत, असं खात्यातले लोक म्हणायचे. ते मतदान कधी झालं नाही.

तात्या आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, भावाकडे बदलापूरला असतात. मी सकाळी साडेसहाला डेपोकडे निघताना फोन लावते, तेव्हा त्यांचा दुपारचा चहा चाललेला असतो.

मी मतदानाचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

‘म्हंजी सरकारनं तुमास्नी इचारलं?’

‘हो तात्या.’

‘गुप्त?’

‘हो. आपापल्या फोनवरून.’

‘मग तक्रार कशाची हाय पोरी?’

मला पटकन उत्तर देता आलं नाही. गाडी चालवत होते, सिग्नल सुटला, फोन ठेवला. दिवसभर मात्र तोच प्रश्न डोक्यात. तात्यांच्या पिढीनं जे मागून मिळालं नाही, ते मला घरपोच आलं होतं. आणि मी नाराज होते.

संध्याकाळी नवऱ्याशी बोलताना मला माझंच उत्तर सापडलं. आमच्याकडे करार आला की एरवी असं होतं: आमची बोलणी करणारी समिती मालकाबरोबर महिनोन्‌महिने बसते, काही मिळवते, काही सोडते, आणि मग आमच्यापुढे येऊन म्हणते, एवढं आणलंय, पटतंय का? सभा होते, माणसं उठून प्रश्न विचारतात, आणि मग मत. त्यात नाही म्हटलं तरी ते आपल्या माणसांना सांगितलेलं असतं, की परत जा, अजून बोला. इथे प्रश्नपत्रिका काढली होती समोरच्या बाजूनं. आमची समिती बाजूला, आणि प्रत्येक कामगार आपापल्या स्वयंपाकघरात एकटा, हातात फोन. सक्तीचा ओव्हरटाइम जावा हे मला हवं होतं. अर्धवेळ जागा ज्या रीतीनं येणार होत्या ती मला नको होती. पण ‘हे ठेवा, ते बदला’ असं म्हणायला जागाच नव्हती. अख्खं पान घ्या किंवा अख्खं पान फेका. तात्यांना हवं होतं ते मत ‘आमच्या वतीनं कोण बोलणार’ यावरचं होतं. मला मिळालं ते बोलणीच थांबवता येतील असं. दोन्ही गुप्त असली तरी एक नव्हेत.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं, आणि ते हलकं नव्हतं. आमचं मॉर्गेज याच वर्षी नव्या दरानं झालंय. हप्ता वाढला. मुलगी कॉलेजात जाणार. संपाच्या 32 दिवसांत आम्ही बचतीला हात घातला होता, तो खड्डा अजून भरलेला नाही. ‘पुन्हा संप झाला तर?’ तो विचारायचा. ‘टपाल कमी होतंय हे तूच सांगतेस. उद्या याच्याहून कमी देऊ केलं तर?’ त्यानं कधीही अमुकच मत दे म्हटलं नाही. पण बिलांची फाइल मात्र टेबलावर उघडी ठेवायचा, आणि मी ती मिटवायची नाही.

डेपोतही सगळे एका सुरात होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. युनियननं ‘नाही’ म्हणा असा प्रचार केला. माझ्या शेजारच्या केसवर एक पंजाबी पाजी आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते म्हणाले, ‘माझं निभावेल गं, पण माझ्यामागून येणाऱ्या पोरांना रोज नवा रूट, रोज वेगळे तास, हे मी कसं लिहून देऊ?’ आणि ज्यांच्यासाठी ते हे बोलत होते त्यांच्यातलीच एक मुलगी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तीन वर्षं तात्पुरत्या यादीत, मला लॉकरपाशी म्हणाली, ‘ताई, तुम्हाला रूट आहे. मी सकाळी पाचला उठून फोन वाजतो का याची वाट बघते. शनिवार-रविवारची का होईना, पक्की अर्धवेळ नोकरी मला वाईट दिसत नाही.’ ती मराठी नाही, तमिळ आहे, पण माझ्याकडून ‘ताई’ शिकलीय. मी तिला युनियनची बाजू सांगितली, की शनिवार-रविवारचं काम व्हावं याला विरोध नाही, ते पूर्ण नोकऱ्यांमधून व्हावं. ती म्हणाली, ‘ते कधी होणार?’ मी गप्प बसले. तिच्या वयाची असताना मीही असंच कुणाला तरी विचारलं असतं.

याच युनियननं 1981 साली 42 दिवसांचा संप करून बाळंतपणाची 17 आठवड्यांची पगारी रजा मिळवली होती. देशभर पसरलेल्या युनियनमध्ये तसं करणारी ही पहिली. मी नवी होते तेव्हा एका जुन्या बाईनं मला हे इतक्या अभिमानानं सांगितलं होतं, की मला वाटलं ती स्वतःच त्या संपात होती. होतीही. मला मात्र तेव्हा मनात मोजणी करायची सवय लागली. इथला तो संप 1981 चा उन्हाळा, आमचा 1982 चा जानेवारी. मध्ये सहा महिनेसुद्धा नाहीत. इथं एक पिढी उभी राहिली, तिथं आमची खोली बसली. कामगार कुठेच कमी धीट नव्हते. नियम वेगळे होते, आणि त्या नियमांनी माणसाला कुठे उभं केलं ते वेगळं होतं. म्हणूनच 108.1 सारख्या एका कलमाकडे मी इतकं डोळे ताणून बघते. ते आज हाताशी आलं, चाललं, तर उद्या प्रत्येक मालक अंतिम प्रस्ताव ठेवून मंत्र्यांच्या दाराशी थांबेल. टेबलावर घाम गाळायचं कारणच उरणार नाही.

23 जुलै, बुधवार. रात्री साडेनऊला भांडी आवरल्यावर मी पत्र फ्रिजवरून काढलं. फोनवर बोलूनही मत देता येत होतं, पण मी लॅपटॉप घेतला, अक्षरं मोठी दिसावीत म्हणून. पिन घातला. दोनदा तपासून. पडद्यावर प्रश्न आला. कॅनडा पोस्टचा अमुक तारखेचा अंतिम प्रस्ताव तुम्हाला मान्य आहे का, एवढंच. हो. नाही.

मी प्रस्ताव आधी पूर्ण वाचला होता, तरी परत उघडून वाचला. नवरा समोर येऊन बसला आणि मग आपणहून उठून बाहेर गेला. मला त्याचं हे वागणं कायम लक्षात राहील. घरात शांतता होती. मुलीच्या खोलीतून कसलं तरी गाणं ऐकू येत होतं. मी त्या तमिळ मुलीचा विचार केला. पाजींचा केला. मॉर्गेजचा केला. आणि मग साचेखात्यातून घामट अंगानं घरी येणाऱ्या तात्यांचा. बटण दाबलं. ‘खात्री आहे का’ असं विचारलं गेलं. हो म्हटलं. मत नोंदलं गेलं.

सगळं मिळून काही मिनिटं. तेवढ्यानं माझे तळहात ओले झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसल्या बसल्या तात्यांना फोन लावला. ‘तात्या, मत दिलं.’

‘ब्येस केलंस.’

‘सांगू, काय दिलं ते?’

‘न्हाई!’ ते जवळजवळ ओरडलेच. ‘सांगू नगंस. कुणालाच सांगू नगंस. गुप्त म्हंजी गुप्त.’

म्हणून इथेही लिहीत नाही. नवऱ्यानं अजून विचारलेलं नाही, मी सांगितलेलं नाही. मतदान लावायला नको होतं हे माझं मत मी कुणालाही सांगेन. त्या रात्री कुठलं बटण दाबलं ते माझं.

1 ऑगस्टला, शुक्रवारी संध्याकाळी पाचला मतदान संपलं आणि त्याच संध्याकाळी निकाल आला. शहरी गटात 68.5 टक्के ‘नाही’. ग्रामीण-उपनगरी गटात 69.4 टक्के ‘नाही’. ग्रुपवर टाळ्यांची, हातांची चित्रं आली. पण आनंद म्हणावा असा तो आनंद नव्हता. करार नव्हताच. पगार तोच, तोटा तोच, रिकामे खण तेच. फक्त एवढं झालं, की बोलणी पुन्हा युनियन आणि व्यवस्थापनाकडे गेली, जिथं ती असायला हवी होती. लाँग वीकेंडनंतर डेपोत गेले तर पाजी नेहमीसारखे केसवर उभे. त्यांनी मान हलवली, मीही हलवली. ती मुलगी त्या दिवशी दिसली नाही. तिला फोन आला नव्हता. दोन दिवसांनी आली, पार्सलांनी भरलेली गाडी घेऊन गेली, आणि जाताना मला म्हणाली, ‘ताई, आता पुढे काय?’ मी म्हटलं, ‘आता बसतील परत.’ ती ‘हं’ म्हणाली. रागावलेली नव्हती. थकलेली होती.

तात्यांना आकडे सांगितले. त्यांनी दोनदा विचारून घेतले, अडुसष्ट की एकोणसत्तर, आणि मला वाटतं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. मग म्हणाले, ‘त्यो कागुद हाय न्हवं?’

‘कुठला?’

‘मताचा. आकडा आलेला.’

पिनचं पत्र. ते आता कशाच्याच कामाचं नव्हतं, मी रद्दीत टाकायच्या गठ्ठ्यावर ठेवलं होतं. पण तात्यांकडे एक निळी प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात गिरणीचं ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचं कार्ड, सगळं चाळीस वर्षं जपलेलं. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी अर्ज करायचा तर आपण गिरणीत होतो हे सिद्ध करावं लागतं, आणि ज्यांनी कागद टाकून दिले ते किती हिंडले ते त्यांनी पाहिलंय. त्यांचा नंबर अजून लागलेला नाही. पिशवी मात्र कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

‘ठेवते तात्या,’ मी म्हटलं.

संध्याकाळी गठ्ठ्यातून पत्र काढलं, घडी सरळ केली आणि पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवलं.